सायकल बंद करा, असे मी सांगितले होते

साडेचार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. भिवंडीतील माझ्या दवाखान्यात एक काका जखमेवर पट्टी बांधून घेण्यासाठी आले. वय एकाहत्तर. पद्मानगरमध्ये राहणारे, मातृभाषा तेलुगू, पण जन्म इथलाच असल्याने मराठीही घरच्यासारखी बोलणारे. उभे आयुष्य यंत्रमागांवर जॉबर म्हणून गेले. ज्यांना मागाची ओळख नाही त्यांच्यासाठी सांगतो : माग बिघडला की जो हाकेसरशी धावतो, खडखडाटातूनही नेमका दोष कानाने टिपतो आणि पाना लावून माग पुन्हा चालता करतो, तो जॉबर. काकांची अवजारांची पिशवी सायकलच्या कॅरिअरला बांधलेली असे. या कारखान्यातून त्या कारखान्यात त्यांची फेरी चाले. निवृत्तीनंतर पिशवी उतरली, सायकल मात्र राहिली. रोज सकाळी पाच-सहा किलोमीटर, मग चहा, मग वर्तमानपत्र. मधुमेह बारा वर्षांचा, पण एका गोळीवर आटोक्यात.

त्या दिवशी अंजूरफाट्याजवळ कंटेनरच्या मागच्या भागाचा त्यांना निसटता धक्का बसला होता. कोपर सोलवटले होते, इतकेच. मी जखम धुतली, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आणि चिठ्ठीवर औषधांच्या खाली लिहिले : ‘सायकल बंद.’ खाली दोन रेघाही ओढल्या. सोबत आलेल्या मुलाचा चेहरा उजळला. त्याला हेच हवे होते. काका काही बोलले नाहीत. चिठ्ठीची घडी करून त्यांनी खिशात ठेवली.

चौदा महिन्यांनी त्यांच्या सुनेचा पहाटे फोन आला. काका न्हाणीघरात पडले होते. खुब्याचे हाड मोडले होते. शस्त्रक्रिया झाली, व्यवस्थित झाली. मधल्या काळात त्यांचे वजन सात किलोंनी वाढले होते, एका गोळीच्या तीन गोळ्या झाल्या होत्या आणि मांड्या हाताला मऊ लागत होत्या. मी घरी भेटायला गेलो तेव्हा सूनबाई म्हणाल्या, “डॉक्टर, सायकल तुम्हीच बंद केली होती ना? तेव्हापासून बाबा त्या खुर्चीतच बसायला लागले.” आवाजात तक्रार नव्हती. त्या केवळ घटनाक्रम सांगत होत्या.

सायकल सुटली म्हणूनच ते पडले, असे मी म्हणणार नाही. एका रुग्णावरून असा निष्कर्ष काढता येत नाही, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. परंतु मी त्यांच्या दिवसातून एक गोष्ट काढून घेतली आणि तिच्या जागी काहीही दिले नाही, हे खरे आहे. ‘चालायला जा’ असे तोंडी म्हटले असेन. कुठे चालायचे, हे ना मी सांगितले ना त्यांनी विचारले.

आपण भिवंडीत राहत नसाल तर इथल्या रस्त्यांची कल्पना येणे कठीण आहे. शहराच्या भोवती राहनाळ, पूर्णा, काल्हेर, माणकोलीपर्यंत गोदामांची रांग आहे. घरबसल्या मागवलेली वस्तू आपल्या दारी येते, तेव्हा ती यांपैकी एखाद्या गोदामातून निघालेली असण्याची शक्यता बरीच. ती आणणारे अवजड ट्रक आमच्या रस्त्यांवरून जातात. त्यात मेट्रोच्या खांबांचे काम, खड्डे, धूळ. पदपथ जिथे आहे तिथे त्यावर दुकान आहे. सत्तरीच्या माणसाला या रस्त्यावर सायकल चालवू नका असे सांगणे चूक नव्हते. चूक एवढीच, की मी तिथेच थांबलो.

सायकलीचा वृद्धांशी काय संबंध, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. म्हणून थोडे वैद्यकीय सांगतो. सायकलवर शरीराचा बराचसा भार बैठक पेलते. जिना चढताना गुडघ्यावर जो ताण येतो, तो इथे येत नाही; तरीही मांडीच्या पुढच्या स्नायूंना भरपूर काम मिळते, आणि गुडघ्याला सावरून धरणारे तेच स्नायू. गुडघ्यांची झीज झालेल्या ज्या रुग्णाला अर्धा किलोमीटर चालवत नाही, तो सपाट जागी पंधरा मिनिटे सायकल चालवू शकतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढील व्यक्तींना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचवते आणि त्याबरोबरच आठवड्यातून तीन दिवस तोल व ताकद टिकवणारे व्यायाम. सायकल यातले पुष्कळसे साधते, सगळे नाही. हाडांच्या बळकटीसाठी पायांवर भार पडावा लागतो. तेवढ्यासाठी चालणे हवेच.

पार्किन्सनच्या रुग्णांची काळजी घेणाऱ्यांना एक हकिकत उपयोगी पडेल. २०१० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये डच डॉक्टरांनी एका अठ्ठावन्न वर्षांच्या रुग्णाविषयी लिहिले. दहा वर्षांचा आजार. चार पावले टाकली की पाय जमिनीला खिळत आणि तोल जाई. तो गृहस्थ सायकलवर मात्र सराईतपणे जात होता, वळत होता. चालण्याची लय हरवली तरी पायडल मारण्याची लय कधी कधी शाबूत राहते. अर्थात चढताना-उतरताना आधाराला माणूस हवा, आणि वाहनांच्या रस्त्यावर असा प्रयोग कोणी करू नये. मग तो करायचा कुठे? माझे विचार फिरून फिरून याच प्रश्नापाशी येत.

एका रात्री दवाखाना बंद झाल्यावर प्रतीक्षा-कक्षातल्या बाकांवर आम्ही नऊ जण बसलो. एक निवृत्त शिक्षिका, औषधाच्या दुकानाचे मालक, एक स्थापत्य अभियंता, दोन महाविद्यालयीन मुले, काकांचा मुलगा, आणखी काही शेजारी. वस्तीलगत एक सार्वजनिक मोकळी जागा आहे. तिच्या कडेने सहाशे मीटरचा बंदिस्त सायकलमार्ग करावा, सकाळ-संध्याकाळ वृद्धांना आणि लहान मुलांना तो मोकळा असावा, अशी कल्पना. अभियंत्यांनी कागदावर रेघा ओढल्या. दोन्ही बाजूंनी जाण्या-येण्याला तीन मीटर रुंदी हवी, कारण आमच्या गिऱ्हाइकांपैकी निम्मे तीनचाकीवर बसणार. वळणे मोठी हवीत. दर शंभर मीटरवर बसायला बाक आणि पाण्याचा निचरा होईल असा उतार. त्यांनी खर्चाचा आकडा सांगितला तेव्हा काही क्षण फक्त पंख्याचा आवाज येत राहिला.

वर्गणी गोळा करणे म्हणजे पावतीपुस्तक छापणे, अशी माझी समजूत होती. शिक्षिकाबाईंनी ती पहिल्याच दिवशी दुरुस्त केली. गणेशोत्सव मंडळे ज्या नियमाखाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी घेतात, तो सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या १९५० च्या कायद्यातील ‘४१ क’ हा नियम आपल्यालाही पाहावा लागेल, असे त्यांनी सांगितले. मग ती परवानगी, दोघांच्या सहीने चालणारे बँक खाते, दर महिन्याच्या पाच तारखेला औषधाच्या दुकानाबाहेर लावायचा हिशेबाचा कागद. आपल्या गावात कोणी असे काही योजत असेल तर हिशेबाचा कागद विसरू नका. आमच्याकडे दुसऱ्या महिन्यापासून लोक तो वाचायला थांबत आणि वाचून आत येऊन पैसे देत.

इथे माझी एक चूक सांगितली पाहिजे. पहिल्या आठवड्यात मी पावतीपुस्तक तपासणीच्या टेबलावर ठेवले होते. रक्तदाबाच्या एका वृद्ध रुग्णाने न विचारता पाचशे रुपये काढून दिले. मला धन्यता वाटली. आठ दिवसांनी दुकानदारांनी हळूच सांगितले की त्या महिन्यात त्या गृहस्थांनी अर्धीच औषधे नेली. डॉक्टर नाराज होतील, या भीतीने दिलेली ती वर्गणी होती. मी त्यांच्या घरी जाऊन पैसे परत केले, पुस्तक दवाखान्यातून हलवले आणि रुग्णाजवळ तपासणीच्या खोलीत हा विषय काढायचा नाही असा नियम केला. टेबलाच्या या बाजूला बसलेल्या माणसाने मागितले की समोरच्याला नाही म्हणता येत नाही, हे तीस वर्षांच्या व्यवसायानंतर मला नव्याने कळावे, याची लाज वाटली.

देणारे अनपेक्षित निघाले. कांड्या भरणाऱ्या बायकांनी मिळून एक पाकीट पाठवले. पाचवीतल्या मुलाने भाऊबीजेची ओवाळणी दिली. ती घ्यावी की नाही यावर बैठकीत अर्धा तास वाद झाला (घेतली). एका माग-मालकांनी आकडा ऐकून जवळजवळ तेवढी रक्कम एकट्याने देऊ केली. अट एवढीच की मार्गाला त्यांच्या वडिलांचे नाव द्यावे. मोह झाला. शिक्षिकाबाई म्हणाल्या, “जागा अजून आपल्या हाती नाही. जी वस्तू नाही तिला नाव कसे देणार?” त्या सद्गृहस्थांनी हे समजून घेतले आणि जागेची परवानगी मिळेपर्यंत थांबायचे कबूल केले. ते अजून थांबले आहेत, कारण परवानगीचा कागद एका कार्यालयातील एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला आणि तिथे विसावला. मी अकरा वेळा गेलो. दर वेळी चहा मिळाला.

या प्रतीक्षेच्या काळात आम्ही इतरत्र काय झाले ते पाहू लागलो. भिवंडी तालुक्यातून मुंबईला पाणी नेणाऱ्या मोठ्या जलवाहिन्या जातात, हे आपल्याला ठाऊक असेल. तानसाच्या जलवाहिनीलगतची मुंबईतील अतिक्रमणे उच्च न्यायालयाच्या आदेशाने हटवली गेली आणि दोन्ही बाजूंचे दहा-दहा मीटर मोकळे करायचे ठरले. त्या पट्ट्यात मुलुंडपासून पुढे ३९ किलोमीटरचा सायकलमार्ग मुंबई महापालिकेने योजला. नाव मोठे गोड : ‘हरित वारी जलाच्या तीरी’. काही टप्पे तयार झाले, सलग मार्ग झाला नाही. वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ च्या सुमारास रस्त्याकडेने सायकलमार्ग आखला होता. त्यावर गाड्या उभ्या राहू लागल्या आणि पुढे तो मोडीत निघाला. पवई तलावाकाठचा सायकलमार्ग मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवला आणि तलावाकाठ पूर्ववत करण्यास सांगितले. सायकलींचे शहर म्हणून मिरवलेल्या पुण्यात केंद्राच्या नागरी पुनर्निर्माण अभियानाच्या पैशातून मार्ग झाले, पण ते मध्येच तुटणारे, मध्येच विजेच्या डीपीवर जाऊन थांबणारे. तिथल्या सायकलप्रेमी नागरिकांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. २०१७ च्या अखेरीस महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. आराखडा कागदावर फार चांगला आहे.

या सगळ्या ठिकाणी पैसे होते, हे माझ्या लक्षात आले. आमच्या पावतीपुस्तकाने जे कधीही जमणार नाही त्याच्या शेकडो पट पैसे होते. जागेचा हक्क, तलावासारख्या ठिकाणी कायद्याची मर्यादा आणि बांधून झाल्यावर रोज सकाळी तिथे उभा राहणारा माणूस, यांपैकी कशाची तरी उणीव राहिली.

अधिक जुने उदाहरणही आहे. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात १८९० च्या दशकात चिखलाच्या रस्त्यांना कंटाळलेल्या सायकलस्वारांनी आधी वर्गणी काढून रस्त्याकडेच्या पायवाटा बांधल्या. वर्गणी मोजकेच देत, वापरत सगळे. म्हणून १८९९ मध्ये तिथे कायदा झाला, सायकलस्वाराने वार्षिक शुल्क भरून बिल्ला घ्यायचा आणि तो पैसा त्या वाटांवरच खर्च व्हायचा. काही वर्षांत सायकलची हौस ओसरली, बिल्ले विकले जाईनात, डागडुजी थांबली आणि वाटा रुंद होणाऱ्या रस्त्यांत मिसळून गेल्या. याउलट नेदरलँड्समध्ये वर्गणीने नव्हे, रस्त्यावर उतरलेल्या आई-वडिलांनी काम झाले. १९७१ साली त्या छोट्या देशात वाहनांच्या अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसे गेली, त्यांत चारशेवर मुले होती. ‘मुलांची हत्या थांबवा’ या नावाचे आंदोलन उभे राहिले. पाठोपाठ १९७३ चे तेलसंकट आले आणि सरकारला ऐकावे लागले. आज तिथे सत्तरी-ऐंशीतली माणसे भाजी आणायला सायकलने जातात, त्यामागे हा इतिहास आहे.

आमच्याकडे तेवढी माणसे नव्हती. मात्र शिक्षिकाबाईंची जुनी शाळा होती. तिचे मैदान सकाळी सहा ते साडेसात रिकामे असते. मुख्याध्यापकांनी एका बैठकीत होकार दिला. फक्कीने कडेकडेने दोन रेघा मारल्या, वळणांवर जुने टायर रंगवून ठेवले, आणि आमचा ‘मार्ग’ झाला. एक फेरी जेमतेम दोनशे मीटरची. पहिल्या रविवारी सहा जण आले, त्यांतले चार आमच्याच समितीचे.

येणाऱ्यांना मी काय सांगतो, तेही लिहून ठेवतो. आपल्या घरच्या ज्येष्ठांना लागू पडेल. छातीत दुखण्याचा, चक्कर येण्याचा इतिहास असेल किंवा नुकतीच अँजिओप्लास्टी झाली असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. रक्त पातळ करण्याची औषधे चालू असतील तर हेल्मेटशिवाय बसू नका. खरे तर कोणीच बसू नका. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी येऊ नये आणि खिशात साखरेची पुडी ठेवावी. बैठक अशी बसवा की थांबल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला नीट टेकतील. गुडघ्यासाठी बैठक थोडी उंच बरी, पण या वयात आधी तोल, मग गुडघा. आडवा दांडा नसलेली, खालून पाय टाकता येणारी सायकल घ्या. तिला आपण ‘लेडीज सायकल’ म्हणतो आणि पुरुष तिच्यावर बसायला लाजतात. एका माजी पोलीस हवालदारांनी माझ्याशी पंधरा दिवस अबोला धरला होता. आता ते सकाळी सर्वांत आधी येऊन तीच अडवून ठेवतात.

ज्यांना पायडल मारता येत नाही त्यांचे काय, हा प्रश्न काकांच्या सुनेने विचारला. त्याचे उत्तर कोपनहेगनमधून मिळाले. २०१२ साली ओले कासो नावाच्या गृहस्थांनी तिथल्या वृद्धाश्रमातील रहिवाशांना पुढे आसन असलेल्या तीनचाकी सायकलवर बसवून फिरवून आणायला सुरुवात केली. शहराच्या महापालिकेने तशा पाच गाड्या घेऊन दिल्या आणि ‘सायकलिंग विदाउट एज’ ही चळवळ अनेक देशांत पसरली. केस वाऱ्यावर उडण्याचा हक्क, असे ते त्याला म्हणतात. आमच्याकडे एका फॅब्रिकेशनवाल्याने मालवाहू तीनचाकी सायकल घेतली, पुढे पाठ टेकवायची खुर्ची, पट्टा आणि पाय ठेवायला पट्टी जोडली. मजुरी घेतली नाही. लोखंडाचे बिल मात्र दिले, आणि ते हिशेबाच्या कागदावर लागले.

पावसाळ्याचे चार महिने मैदानात चिखल असतो. त्या काळात सारे बंद. जूनमध्ये येणे सुटलेल्यांपैकी निम्मे ऑक्टोबरमध्ये परत येत नाहीत. एक बाई परतल्या त्या काठी घेऊन. म्हणून पक्का मार्ग हवाच आहे, आणि त्यासाठी खात्यात आज अंदाजाच्या निम्म्याहून थोडे कमी पैसे आहेत. माझी बारावी फेरी पुढच्या सोमवारी आहे. या वेळी एकटा जात नाही. हवालदार येणार आहेत, शिक्षिकाबाई आणि पाचवीतला (आता सातवीतला) देणगीदारही.

गेल्या डिसेंबरात काकांना आणले. वॉकरवर घराच्या दारापर्यंत येतात, त्यापुढे नाही. मुलाने आणि मी उचलून खुर्चीत बसवले, पट्टा लावला. नातू मागे पायडलवर. पहिल्या फेरीत त्यांनी खुर्चीच्या कडा घट्ट धरल्या होत्या. दुसऱ्या फेरीत एक हात सुटला. मी टायरांजवळ उभा होतो आणि ते काही म्हणतील याची वाट पाहत होतो. काय म्हणतील ते माहीत नव्हते. चिठ्ठीवरच्या त्या दोन रेघा त्यांनीही विसरलेल्या नसणार.

तिसऱ्या फेरीला माझ्याजवळ येताच त्यांनी हात वर करून गाडी थांबवली. मान किंचित वाकडी करून ते खालचा आवाज ऐकत होते.

“डॉक्टरसाहेब, चेन ढिली आहे,” ते म्हणाले. “पाना आणा. तेरा नंबरचा.”